आमच्या गल्लीतले कंट्रोलर

घंटागाडी आली की आमच्या गल्लीतली सगळी घरं एकेक बादली घेऊन बाहेर पडतात. व्यंकटअप्पा बिरादार चार बादल्या घेऊन येतात. निळी कागदाची, पिवळी प्लॅस्टिकची, तपकिरी भाजीच्या देठांची आणि काळी उरल्यासुरल्याची. गाडीवाला चारही बादल्या एकाच डब्यात उपड्या करतो. अप्पा ते शांतपणे बघतात आणि दर वेळी त्याला सांगतात, "आमच्याकडं आसं केलं तर दंड हाय, बरं का."

आमच्याकडं म्हणजे जर्मनीत. अप्पा स्वतः कधी जर्मनीला गेलेले नाहीत. हैदराबादच्या पलीकडं ते गेलेले नाहीत, आणि हैदराबादलाही एसटीच्या पासावर गेले होते. त्यांची एकुलती एक मुलगी मंजू दोन वर्षांपूर्वी लाइपझिग नावाच्या शहरात शिकायला गेली. तेव्हापासून अप्पा लातुरात झोपतात, उठतात, जेवतात, पण राहतात लाइपझिगला.

मी गणिताचा मास्तर. अप्पांची आणि माझी भिंत एकच आहे, त्यामुळं या जर्मनीची हद्द थेट माझ्या न्हाणीघरापर्यंत येते. रविवारी आमच्या दोन्ही घरांत मिक्सर लागत नाही, कारण तिकडं रविवारी आवाज केलेला चालत नाही. अप्पांच्या घरी तर काकू त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटतात. वाटता वाटता माझ्या बायकोला भिंतीवरून ऐकवतात, "मिक्सर लावला तर जर्मनीतल्या शेजाऱ्याची झोप मोडती म्हणं! आता ह्यास्नी काय बोलावं?" मार्चात तिकडची घड्याळं तासभर पुढं सरकतात. त्या दिवसापासून अप्पांचं दुपारचं जेवणसुद्धा तासभर अलीकडं येतं. ऑक्टोबरात ते परत जाग्यावर जातं.

ही सगळी शिस्त एसटीची. अप्पा एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते, आधी अहमदपूरला, मग लातूरला. लोक त्यांना अजून कंट्रोलरच म्हणतात. माईक गेला, पण आवाज गेला नाही. चहा आणतानासुद्धा आतून पुकारतात, "स्वयंपाकघराहून सुटलेला चहा थोड्याच वेळात ओसरीला लागत आहे!" पुतण्याच्या लग्नात वरात उशिरा आली, तेव्हा त्यांनी मांडवात उभं राहून प्रवाशांची, म्हणजे पाहुण्यांची, दिलगिरी व्यक्त केली होती. "टाइम म्हंजे टाइम" हे त्यांचं पालुपद. आणि खिशात कायम एक छोटी वही. कुठलीही गाडी दिसली की त्यांचा हात वहीकडं जातोच.

आता मनातलं सांगतो. मला या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखण्याइतका.

मंजू आणि माझा प्रसाद एका वर्गातले. बारावीला प्रसादला तिच्यापेक्षा चार मार्क जास्त होते. हे बाकी सगळे विसरले, मी विसरलेलो नाही. दोघांनी मिळूनच बाहेरच्या शिक्षणाचे अर्ज भरले. मंजूला व्हिसा मिळाला, प्रसादला नाही. मंजू विमानात बसली आणि प्रसाद नांदेडच्या गाडीत. तिथं एका खासगी कंपनीत तो दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतो आणि दर शनिवारी संध्याकाळी मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन घरी येतो.

त्या पिशवीची मला लाज वाटायची. आणि नेमका दर शनिवारी सहाच्या सुमारास अप्पा माझ्या पायरीवर येऊन बसायचे. प्रसाद कोपऱ्यावर दिसला की विचारायचे, "काय म्हणती गाडी? टाइमावर व्हती का? अहमदपूरला किती थांबली?" मग वही काढून काहीतरी खरडायचे. प्रसाद आत गेला की यांचं लाइपझिग सुरू. तिथं कपडे धुवायला तळघरात मशीन आहे, त्यात नाणं टाकावं लागतं, नंबर लावावा लागतो. मंजू सकाळी कॉलेजात, संध्याकाळी बेकरीत काम करते. शनिवारीच दोन दिवसांचं दूध आणून ठेवते, कारण रविवारी दुकानं बंद. हे सगळं माझ्या पोराच्या पिशवीसमोर बसून! मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम जखमेवर मीठ चोळायला येतो.

जळणारा माणूस किती खाली उतरतो हे मला विचारा. एकदा तिकडं बर्फ पडून ट्राम बंद झाल्याचं अप्पांनी सांगितलं, त्या दिवशी मी अर्धी भाकरी जास्त खाल्ली. मंजू निघाली तेव्हा अप्पांनी गंजगोलाईच्या बाजारातून तिला एक सॅक आणून दिली होती. रंग पोपटी, आणि तोही असा की डोळे मिटले तरी दिसावा. ती पोरगी लाजून अर्धी झाली. "अप्पा, काळी घेऊ ना," म्हणत होती. अप्पा हटले नाहीत. ही सॅक घेऊन बिरादारांची पोरगी जर्मनीत कशी फिरत असेल, यावर मी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये चांगला महिनाभर हशा मिळवला.

पण सगळ्यात जास्त जळायचो मी दुपारी एकला, उन्हाळ्यात बाराला. ती वेळ झाली की अप्पा मोबाइल घेऊन उठायचे. कुणाशी बोलत असले तर वाक्य अर्धं टाकून. "पोरगी निघायचा टाइम झाला," एवढंच म्हणायचे आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. वीस मिनिटं. रोज. मी मनात हिशेब करायचो. रोज वीस मिनिटं बापाशी बोलणारी पोरगी! आणि माझा प्रसाद फोनवर मला काय म्हणतो? "बाबा, आईला द्या."

तर यंदा मी ठरवलं की प्रसादला पुन्हा अर्ज करायला लावायचं. कागद मी स्वतः जमवले, फॉर्म भरून छापून आणला. फक्त त्याची सही हवी होती. तो म्हणाला, "बाबा, मला नाही जायचं. मी हितं बरा आहे." हितं बरा आहे! या वाक्यानं माझी आठवडाभराची झोप उडाली. मग डोक्यात आलं, प्रसादला पटवायचं तर व्यंकटअप्पांसारखा वकील नाही. ज्या माणसानं घंटागाडीवाल्यापुढं जर्मनी उभी केली, तो माझ्या पोराला दहा मिनिटांत विमानात बसवेल. शेवटची तारीख जवळ आली होती आणि मधे येळवस होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमचं अख्खं लातूर कुलूप लावून शेतात जातं. ज्याला शेत नाही त्याला ज्याचं आहे तो नेतो, आणि बांधावरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा उपाशी जाऊ देत नाहीत. मला शेत नाही. औशाच्या अलीकडं अप्पांचं पाच एकर आहे, आणि दर वर्षी आम्ही तिथंच जेवतो. प्रसादही आदल्या दिवशी रजा काढून आला. फॉर्म मी धपाट्यांच्या डब्याखाली पिशवीत घातला.

कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. पूजा झाली. काकूंनी पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं उघडलं, बाजरीचे उंडे काढले, ताकातल्या आंबिलीची घागर, आमची बिंदगी, मधे ठेवली. अप्पांनी कंबरेवर हात ठेवून पुकारलं, "भज्जी, उंडे आणि आंबील फलाट क्रमांक एकवर लागलेले आहेत! प्रवाशांनी ताटं घेऊन तयार राहावं!" शेजारच्या शेतातलेसुद्धा हसले. अप्पांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, एक घास मोडला, मोबाइलवर वेळ बघितली आणि ताट तसंच ठेवून उठले.

"आज तरी जेवा की," काकू म्हणाल्या.

"आलोच. टाइम म्हंजे टाइम."

ते बांधावरच्या बाभळीकडं निघाले. मला वाटलं, याहून बरी संधी नाही. अप्पांना गाठावं, फोनवर मंजूलाही सांगावं, की बाई, दोन शब्द प्रसादशी बोल. मी फॉर्म घेऊन त्यांच्या मागं गेलो.

अप्पा बाभळीखाली उकिडवे बसले होते. मोबाइल दोन्ही हातांत, डोळ्यांपासून वीतभर. पण बोलण्याचा आवाज नव्हता, ना त्यांचा, ना मंजूचा. मी मागून वाकून बघितलं. पडद्यावर एक चौक होता. ओला रस्ता, एक ट्राम, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी माणसं इकडून तिकडं चाललेली. मंजू कुठंच नव्हती.

"अप्पा, हे काय?"

ते दचकले नाहीत. "कॅमेरा हाय, गुर्जी. त्या चौकात बशिवलाय कुणीतरी. इंटरनेटवर कुणालाबी दिसतंय. मंजू जायच्या आधी महिनाभर मी हुडकून ठिवलं व्हतं. तिचा रस्ता हितूनच."

"मग रोज एक वाजता तुम्ही हेच बघता? बोलत नाही?"

"तिला कुठली फुरसत? रविवारी करती फोन आईला. मला देती मागून. मी इचारतो, पाऊस हाय का? ती म्हणती हाय. ते तर मला आधीच ठावं आसतं." त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं. "ह्या खांबापसून त्या दुकानापस्तोर. आठ पस्तीसला तिकडच्या. बावीस पावलं चालती, मग दिसत न्हाई. तोंड बी दिसत न्हाई येवढ्या लांबून. पर सॅक दिसती."

म्हणून पोपटी. स्टाफरूममधला माझा सगळा हशा मला आठवला.

मी वाट बघू लागलो. ट्राम गेली, दुसरी आली. छत्र्या आल्या, काळ्या, निळ्या. पोपटी काही येईना.

"आज उशीर झाला वाटतं तिला," मी म्हणालो.

"न्हाई. आक्टोबरात खोली बदलली तिनं. ह्या रस्त्यानं न्हाई येत आता."

"मग तुम्ही काय बघताय?"

अप्पांनी बोट पडद्यावरच्या ट्रामवर नेलं. मग म्हणाले, "आकरा नंबरची ट्राम. बराबर टाइमावर हाय बघा." आणि खिशातून वही काढली.

मी हात पुढं केला. का केला सांगता येत नाही, पण अप्पांनीही वही दिली. एसटीच्या नोंदवहीसारख्याच हातानं रेघा मारलेल्या होत्या. डाव्या बाजूला निर्गमन. मंजू, ८.३५. मंजू, ८.३७. मंजू, ८.३४, पाऊस. पानंच्या पानं तशीच. ऑक्टोबरनंतर प्रत्येक ओळीत दोनच शब्द, दिसली नाही. उजव्या बाजूला आगमन. तो रकाना कोरा असणार, असं धरूनच मी तिकडं बघितलं.

कोरा नव्हता. शनिवार, नांदेड–लातूर, प्रसाद, ६.१०, पिशवी एक. शनिवार, प्रसाद, ६.२५, पिशव्या दोन. शनिवार, प्रसाद, ६.०५, दाढी वाढली आहे. दोन वर्षांतला एकही शनिवार सुटला नव्हता. मधेच एका ओळीत लिहिलं होतं, प्रसाद आला नाही. गुरुजी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

तो शनिवार मला आठवला. मी दूध आणायला गेलो होतो, असं बायकोला सांगितलं होतं.

"रकाना रिकामा सोडायची सवय न्हाई, गुर्जी," अप्पा जमिनीकडं बघत म्हणाले. "एकतीस वर्षांत सोडला न्हाई. तुमचं पोरगं यायचं, म्हणून लिवलं. राग मानू नका. लई जळायचो मी तुमच्यावर."

मला हसू आलं. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांवर जळत होतो. आणि त्यातही त्यांनीच मला हरवलं होतं. माझं पोर किती वाजता घरी येतं, याची नोंद माझ्यापाशी नव्हती, या माणसापाशी होती. त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला.

"तुमच्या हातात कागद कसला?" अप्पांनी विचारलं. "काही सांगायला आला व्हता जणू."

तेवढ्यात कोपेजवळून प्रसादची हाक आली, "अप्पा, बाबा, या की! आंबील संपायलीय!"

मी फॉर्मची घडी घातली. "काही नाही. ताट वाळायलंय तुमचं. चला."

त्या फॉर्मची तारीख त्याच आठवड्यात गेली. प्रसादनं विचारलं नाही, मीही बोललो नाही. पुढचा शनिवार आला, पण अप्पा पायरीवर आले नाहीत. येळवशीला बोलून गेले त्याची त्यांना लाज वाटत असावी. मी मात्र उघडपणे कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. प्रसाद आला तेव्हा घड्याळ बघितलं, त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून माझ्या खांद्यावर घेतली आणि घरी येऊन भिंतीवरून ओरडलो, "अप्पा! नांदेड–लातूर, सहा वाजून बारा!"

 पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"घेतलं, गुर्जी," अप्पा म्हणाले. "पिशव्या किती?"