प्रेताचा निरोप

भांडण मिटवावं तर मीच! ही बढाई नाही हो, अनुभवाचे बोल आहेत. पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीवर मी एकोणीस वर्षं बसतोय. रिकामी बादली घेऊन तावातावाने आलेला माणूस माझ्याशी दहा मिनिटं बोलतो आणि तीच रिकामी बादली घेऊन "बरं झालं भेटलात" म्हणत घरी जातो. पाणी येत नाही ते नाहीच, पण माणूस थंड होतो! साहेब म्हणतात, "तुमच्या जिभेला हाड नाही, पण साखर आहे."

असा मी, आणि माझ्याच घरात नऊ वर्षं अबोला! आईचा आणि मावशीचा. सख्ख्या बहिणी, एकाच छताखाली, एकाच ओट्यापाशी उभ्या, आणि एकमेकींशी चकार शब्द नाही. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

"सांग तिला, मीठ संपलंय."

"मावशी, आई म्हणते मीठ संपलंय."

"सांग तिला, डोळे असतील तर दिसेल, वरच्या फळीवर नवा पुडा आहे."

"आई, मावशी म्हणते वरच्या फळीवर पुडा आहे."

डोळ्यांचं मी गाळायचो. निरोप सांगणाऱ्याने थोडं गाळायचं असतं, थोडं पदरचं घालायचं असतं. त्यात माझा हातखंडा!

एकदा मी अंघोळीला गेलो असताना आई बाथरूमच्या दाराशी येऊन ओरडली, "सांग तिला, दूध उतू जातंय!" मावशी गॅसपासून दोन हातांवर उभी होती. मी साबणाच्या फेसासकट दार किलकिलं करून निरोप दिला, तोवर निम्मं दूध ओट्यावरून खाली टपकत होतं. बायकोने कोपरापासून हात जोडले. "अहो, या दोघींचं एकदा काय ते करा. नाहीतर मीही अबोला धरते!"

मला घाम फुटला. तिचे निरोप कोण पोचवणार?

भांडण कशावरून, ते दोघींनी कधी उघड सांगितलं नाही. आजी गेली त्याच आठवड्यात सुरू झालं, म्हणून आम्ही धरून चाललो की आजीच्या आरशाच्या कपाटावरून असणार. मी ते कपाटच घराबाहेर काढलं. कपाट गेलं, अबोला जागच्या जागी!

आणि मग मला नाटक सुचलं.

आमच्याकडे दरवर्षी निरनिराळ्या कार्यालयांची एकांकिका स्पर्धा असते. घरच्या माणसांनाही भाग घेता येतो. हल्ली तिथे एका विशिष्ट तऱ्हेचीच नाटकं गाजतात. घरातली माणसं एकमेकांचा जीव खात असतात, कुणीतरी मेलेलं असतं, आणि हसावं की रडावं ते प्रेक्षकांना कळत नाही. परीक्षकांनाही कळत नाही, म्हणून ते पहिला नंबर देतात.

मी चार दिवसांत 'बाबा झोपलेत' लिहून काढलं. खाटेवर बाप मरून पडलाय. दोन मुलींचा आपसात अबोला. बापच दोघींचे निरोप इकडून तिकडे पोचवायचा. आता तो मेला असं मान्य केलं तर निरोप कोण पोचवणार? म्हणून दोघी त्याला मेलेला मानायलाच तयार नाहीत! अख्खं नाटकभर प्रेताशी बोलतात. आहे की नाही डोकं?

तरुणपणी दोघींनी रंगमंच गाजवलेला. मी आधी आईला गाठलं.

"मला तिच्याशी बोलावं लागेल?"

"एक शब्दही नाही! सगळं प्रेताशी."

"मग करते."

मावशीचंही अगदी तेच! ती शाळेतून निवृत्त झालेली व्याकरणाची बाई. तिने होकार दिला आणि लगेच लाल पेनने माझी संहिता तपासायला घेतली. एकूण त्रेचाळीस चुका निघाल्या.

पण माझा खरा डाव शेवटच्या वाक्यात होता. तिथे धाकटी थोरलीकडे वळते आणि थेट म्हणते, "ताई, तू बस, मी चहा टाकते." एवढं एक वाक्य मावशीच्या तोंडून बाहेर पडलं की नऊ वर्षांचा अबोला खल्लास! मावशीने त्या वाक्यावर काट मारून समासात लिहिलं, 'अनावश्यक'. मी वाद घातला नाही. म्हटलं, दिवे अंगावर पडू देत, समोर माणसं दिसू देत, अस्सल नटी वाक्य गिळणार नाही!

प्रेताच्या भूमिकेत आमचा डिस्पॅच क्लार्क होता. किडकिडीत, मुळातच पांढराफटक. तालमीत तो इतका सुरेख मरायचा की साहेबांनी दोनदा त्याची नाडी बघितली. पण नाटकाला अर्धा तास उरला आणि त्याला लागली उचकी! पाणी पाजलं, नाक दाबलं, पाठीत गुद्दे घातले, दाराआडून "भॉक" केलं. उचकी हटेना!

"उचक्या देणारं प्रेत कोण बघेल?" साहेब किंचाळले. "तुम्ही झोपा खाटेवर! एक तरी वाक्य आहे का त्याला?"

नव्हतं. नुसतं पडून राहायचं होतं. मी म्हटलं, सरकारी नोकरीत एकोणीस वर्षं काढलीत, एवढं जमेलच!

पडदा उघडला. मी गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून, डोळे मिटून पडलो. पहिली पाच मिनिटं काय रंगली म्हणून सांगू! आई आणि मावशी दोघी पेटल्या होत्या. मग आई माझ्या उशाशी आली आणि संहितेतलं वाक्य बोलली, "सांगा तिला, खिडकी लावून घे म्हणावं. वारा येतोय."

यापुढे संहितेत होतं, शांतता.

आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "मावशी, आई म्हणते खिडकी लावून घे. वारा येतोय."

अहो, नऊ वर्षांची सवय! 'सांग तिला' ऐकलं की माझं तोंड आपोआप उघडतं. मेलो म्हणून काय झालं?

 सभागृहात असा हशा फुटला की पहिल्या रांगेतल्या परीक्षकांचा चष्मा नाकावरून मांडीत पडला. विंगेत डिस्पॅच क्लार्कची उचकी तिथल्या तिथे थांबली. मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं, खाटेसकट जातो!

पण मावशी कसली डगमगतेय! ती कमरेवर हात ठेवून खाटेपाशी आली. "सांग तिला, वारा बरा तिलाच लागतो! घरात बाकी कुणाला कातडी नाही की काय?"

'सांगा' नाही, 'सांग'. म्हणजे बाबा गेले, आता मीच! मी डोळे मिटूनच म्हणालो, "आई, मावशी म्हणते वारा फारसा नाहीये."

"गाळू नकोस!" मावशी कडाडली. "नऊ वर्षं बघतेय, माझं निम्मं बोलणं हा खाऊन टाकतो! पूर्ण सांग!"

प्रेक्षक खुर्च्या बडवत होते. मग मी सगळं सांगत सुटलो. कातडीपासून सगळं! इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. संहिता केव्हाच मागे पडली. खाटेच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मावशी, आणि मधे मी, चेंडूसारखा टोले खात. बोलता बोलता कपाट निघालं.

"सांग तिला, कपाट गेलं खड्ड्यात!" मावशीचा आवाज एकदम चिरकला. "कपाटासाठी मी नऊ वर्षं गप्प बसेन? माझी आई जात होती आणि हिने मला वेळेवर बोलावलं नाही. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. ते मी नाही विसरणार."

हशा थांबला.

"सांग तिला," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, "मी बोलावलं होतं. 'असशील तशी लगेच ये' असा निरोप दिला होता. हिलाच शाळेतले पेपर महत्त्वाचे वाटले."

"सांग तिला, मला निरोप आला तो, 'पेपर आटोपले की ये, घाई नाही' असा!"

आता मी हा निरोप पोचवायचा होता. एका टोकाला 'लगेच ये', दुसऱ्या टोकाला 'घाई नाही', आणि मधे माणूस एकच!

"काय रे," आईने हळूच विचारलं, "मी तुला काय सांगितलं होतं?"

मी उठून बसलो. प्रेताने बसू नये हे मलाही कळतं, पण आईने असं विचारल्यावर पडून कसं राहणार? "लगेच ये, असं."

"आणि तू मला शाळेत फोन करून काय सांगितलंस?" मावशी.

"पेपर आटोपले की ये, असं. तू घाबरशील, रस्त्यात धावपळ करशील, म्हणून मी जरा... सौम्य केलं."

"सौम्य?" दोघी एकदम ओरडल्या.

खरं सांगतो, नऊ वर्षं मी समजत होतो की या दोघींना मी जोडून ठेवलंय. आणि तोडणारा मीच निघालो! तीनशे माणसांसमोर मला रडू आलं.

मावशीचे डोळे भरून आले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ आईकडे पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "या मेल्याने केलं गं सगळं!"

छप्पर उडालं! मावशी जीव तोडून चिडली होती हो, पण प्रेताला 'मेल्या' म्हटल्यावर लोक थांबतात होय? साहेब तर रडत रडत हसत होते.

त्या दोघींना मात्र काही ऐकूच येत नव्हतं.

"मला वाटलं, तू मुद्दाम आली नाहीस."

"मला वाटलं, तू मुद्दाम बोलावलं नाहीस."

आईने खाटेवरून हात पुढे केला. मावशीने तो दोन्ही हातांत धरला. प्रेक्षकांत कुणीतरी नाक ओढलं. एवढं सुंदर चित्र, आणि मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे!

"आई, मावशी म्हणते..."

"तू गप्प बस!" दोघी एका सुरात ओरडल्या. एकीने उजवीकडून, दुसरीने डावीकडून चादर धरली आणि माझ्या तोंडावरून ओढली. पडदा पडला.

टाळ्या! किती वेळ वाजत होत्या म्हणता! मी चादरीखालीच होतो, मला कुणी उठवलंच नाही. नाटकाला पहिला नंबर. अभिनयाचं पहिलं बक्षीस आई आणि मावशीला विभागून. बक्षीस देताना परीक्षक माईकवर म्हणाले, "कुटुंबातला संवाद मेलेल्या माणसाच्या जिभेवर चालतो, ही कल्पना केवळ थोर!" मी हे सगळं मुद्दाम केल्यासारखी मान डोलावली.

"एकच त्रुटी," ते पुढे म्हणाले. "प्रेत फार कच्चं होतं. त्या कलाकाराला मरणं अजिबात जमलेलं नाही. त्यांनी मेहनत घ्यावी."

घरी जाताना बसमध्ये आई आणि मावशी शेजारी शेजारी बसल्या. मी आणि बायको मागच्या बाकावर, ढाल माझ्या मांडीवर. कान टवकारून ऐकत होतो. नऊ वर्षांचं साठलेलं, आता काय काय बाहेर पडेल!

"ऐकलंस ना परीक्षक काय म्हणाले?" मावशी म्हणाली. "लहानपणापासून अस्साच आहे हा. कुठे गप्प बसावं ते कळतच नाही."

"हो ना गं," आई म्हणाली.

पाऊण तास हाच विषय चालला, आणि दोघींचं शब्दाशब्दाला एकमत! मी मधे अवाक्षर काढलं नाही. काढणार कसं? बायकोने माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता!