छगनचा विक्रमी ऊस

जगातले बहुतेक गोंधळ माणसांमुळे होतात. फळ्यामुळे झालेला एकही गोंधळ आजवर फळ्यावर लिहिलेला आढळलेला नाही.

हे ओळखून नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याने (नाव सांगत नाही, उरलेल्यांना वाईट वाटेल) एकाहत्तर सालच्या हंगामात वजनकाट्याजवळ फळा टांगला. त्याआधी कोणाच्या गाडीची पाळी आहे हे बघायला दर वेळी लांबच्या शेतकी ऑफिसात जाऊन रजिस्टर उघडावे लागे. आता पुढच्या आठ गाड्यांची नावे समोरच. वेळ वाचला. वाचलेल्या वेळात चहा होऊ लागला आणि प्रगती सर्वांच्या डोळ्यांना दिसू लागली.

फळ्याला कारकून दोन. आलेल्या गाडीचे नाव राधाकृष्णने लिहायचे, वजन झालेल्या गाडीचे फिलिपने पुसायचे. दोघेही अत्यंत तत्पर. अडचण एवढीच होती.

एके दिवशी छगनच्या गाडीचे वजन झाले. त्याचे नाव दुसऱ्या ओळीवर. "दुसरी ओळ, दुसरी ओळ" असे घोकत फिलिप डस्टर आणायला गेला. तेवढ्यात पहिली ओळ रिकामी दिसल्यामुळे राधाकृष्णने सगळी नावे एकेक ओळ वर सरकवली. फिलिपने परत येऊन दुसरी ओळ निष्ठेने पुसली. ती आता चांगुणाबाईंची होती.

नियम स्पष्ट होता. नाव पुसले, म्हणजे ऊस मोजला.

"आवो, पन भरल्याली गाडी हुबी हाय की माजी!" चांगुणाबाई म्हणाल्या. त्या यंदाच सभासद झालेल्या. इतकी वर्षं त्यांचा ऊस दिराच्या नावावर जायचा; स्वतःच्या नावाचा हा पहिलाच.

"बाई, फळ्यावर तुमचं नाव आहे का?" फिलिपने विचारले.

"न्हाई."

"मग गाडी कशी असेल?"

"तुमी वळून बगा तरी!"

फिलिप वळला नाही. वळूनच बघायचे, तर फळा कशाला टांगला?

तक्रार झाली. उपसमिती बसली (बसण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते). निदान अचूक निघाले: दोघे एकाच वेळी फळ्याला हात लावतात. उपाय त्याहून अचूक: खडू आणि डस्टर दोन्ही ज्याच्या हातात असतील, त्यानेच फळ्याला हात लावावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकृष्णने खडू घेतला. फिलिपने डस्टर घेतले.

"डस्टर द्या."

"आधी खडू द्या."

काम होण्याआधी हातातली वस्तू सोडावी, असे नियमात कुठेही म्हटलेले नव्हते. दोघे संध्याकाळपर्यंत फळ्याच्या दोन बाजूंना द्वारपालांसारखे उभे राहिले. त्या दिवसाचा अहवाल: फळ्यावरील चुका, शून्य.

पहिल्या ओळीवर मात्र छगन तसाच. काटेवाला पुकारायचा, "छगन!" की छगन रिकामी गाडी घेऊन काट्यावर. शेवटी त्याचे बैलच खाली बसले.

"वैनी," तो चांगुणाबाईंना म्हणाला, "माज्या नावावर घाला गाडी. उनानं चिपाडं व्हाया लागली उसाची."

"माजं नाव लागंल म्हून लावला हुता रं ऊस."

"नाव वाळत न्हाई, वैनी. ऊस वाळतो."

त्यांनी बैल हाकले. ऊस मोजला गेला, छगनच्या नावावर. मागची गाडीही छगन म्हणूनच गेली. त्यामागचीही. दिवस मावळेपर्यंत अख्खा गाडीतळ छगन होऊन रिकामा झाला. खडू आणि डस्टर कोणीच सोडले नाही, त्यामुळे पुढे हंगामभर हेच चालले.

हंगामाअखेर कारखान्याने विक्रमी उत्पादनाबद्दल छगनचा सत्कार केला. दीड एकरात त्याने निम्म्या तालुक्याचा ऊस काढला होता. खत कोणते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "फळा." शेतकी खाते या खताची चौकशी करत आहे.

मंडपात चांगुणाबाई उभ्या राहिल्या. "आन माजा ऊस?"

"तुमचा तर सर्वांच्या आधी मोजलाय, बाई," कारखान्याचे साहेब म्हणाले. "वजनच निघालं नाही काही."

टाळ्या झाल्या.

तुम्हाला बाईंचे वाईट वाटले असेल. मलाही वाटले. म्हणून या गोष्टीवर त्यांचेच नाव घालायला निघालो होतो. पण मग ती तुम्ही वाचली असतीत का? वर छगनचा विक्रम लिहिला, आणि तुम्ही वळूनही न बघता आत आलात.