जोगळेकरकाकांचा अर्धवट सिनेमा

आमच्या शेजारच्या जोगळेकरकाकांना रशियन येत नाही, डचही येत नाही. पण एक रशियन सिनेमा त्यांना मराठीत तोंडपाठ आहे. शेवटचा थोडा भाग सोडून.

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावात आमच्या दोन घरांना भिंत एकच. हिवाळ्यात दर शनिवारी दिवेलागणीला, म्हणजे इथे चहाच्या वेळीच, पलीकडून रशियन कुजबुज सुरू होते. मग काका मराठीत म्हणतात, "साहेब आज भेटणार नाहीत." मग शांतता. मग पुन्हा काकाच, "हं, पुढे?" घरात दुसरं कुणी नाही हे मला पक्कं ठाऊक. अंगावर काटा यायचा. नवरा म्हणायचा, "अगं, फोनवर असतील." फोनवर म्हणे!

सिनेमा कुठल्याशा जुन्या, विचित्र कादंबरीवरचा. एका माणसाला बर्फातल्या गावी नोकरीवर बोलावतात आणि मग कचेरीत कुणी आतच घेत नाही. "आपल्या नगरपालिकेवरच काढलाय," असं काकांचं मत. डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉलवर बोळवण केली, तरी यांचं ठरलेलं: "साहेब आज भेटणार नाहीत." पार्सलवाल्यालाही एकदा दारात हेच ऐकवलं, अस्सल पुणेरी मराठीत. तो बिचारा पार्सल घेऊन परत गेला.

एका शनिवारी मी थालीपीठं द्यायला गेले. सिनेमा चालू होता, खाली डच अक्षरं. पडद्यावर कुणी बोललं, की काका उजवीकडे मान वळवायचे, थांबायचे आणि हसून मान डोलवायचे. सोफ्याचा उजवा कोपरा रिकामा होता. मला पळून जावंसं वाटलं. इतक्यात पडद्यावरचा माणूस एका दारापाशी पोचला आणि काकांनी टीव्ही बंद केला.

"पुढे काय होतं?" मी विचारलं.

"माहीत नाही. तुझी सुमनकाकू इथे येऊन डच शिकली ना, ती खालचं वाचून मला मराठीत सांगायची. इथवर आलो आणि म्हणाली, दमले हो, उरलेलं उद्या. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. परत आलीच नाही. शेवटी त्या माणसाला आत घेतलं असेल आणि तिला ते बघायला मिळालं नसेल, तर मला नाही गं सहन होणार. पण आता न बघताही राहवत नाही. तू वाचशील?"

माझं डच सुपरमार्केटपुरतं. तरी बसले, त्या उजव्या कोपऱ्यात. अडखळत वाचत गेले. काका पुढे वाकून, श्वास रोखून बघत होते. बर्फ पडत राहिला, दार बंदच राहिलं, माणूस उंबऱ्याशी बसून राहिला आणि नावं वर सरकायला लागली.

"म्हणजे, आत घेतलंच नाही?"

"नाही."

"काहीच झालं नाही?"

"काहीच नाही, काका."

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे तिचं काही हुकलं नाही."