दहावं वारूळ

जमिनीखाली मुंग्या कुठे आहेत हे मी उभ्या उभ्या सांगतो. उगाच फुशारकी नाही! माझ्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा आहे. सकाळी माती अजून गारठलेली असते, पण त्या चावऱ्या आगमुंग्यांचं वारूळ कोवळ्या उन्हातच तापायला लागतं. पडद्यावर सगळं निळं आणि मधेच एक पिवळा ठिपका. तिथे झेंडा रोवायचा आणि फोटो ऑफिसला धाडायचा, म्हणजे तिथली माणसं येऊन वारूळ खणून काढतात. झालं माझं काम.

आठ महिने हे काम मी एकटाच करतोय. मैदानं ही एवढी मोठी आणि बोलायला चिटपाखरू नाही. कॅमेऱ्यालाच "काय, झोप लागली का?" असं विचारायला लागलो, तेव्हा मात्र घाबरलो आणि साहेबांकडे जोडीदार मागितला. एका मैदानात दहा वारुळं निघाली तर दुसरा माणूस देतो, असं साहेब म्हणाले. मी त्याच संध्याकाळी थर्मासला दुसरा कप घेऊन आलो.

सोमवारी बंद कारखान्यामागच्या मैदानात नऊ निघाली. नऊ! दहावं काही केल्या सापडेना. शेवटी कंटाळून एका जागी बसलो, चहा प्यायलो, नव्या माणसाशी काय काय बोलायचं याची उजळणी केली. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. उठलो, वळून कॅमेरा धरला, तर समोर लालभडक वारूळ. तेही जुळं! शेजारी शेजारी दोन टम्म गोल. मी हर्षानं झेंडा रोवला, फोटो धाडला आणि खाली लिहिलं, 'दुर्मिळ प्रकार. तातडीने यावे.'

साहेब आले, सोबत कुदळ घेऊन खणणाऱ्या बाई. बाईंनी गुडघाभर खड्डा केला. औषधालासुद्धा मुंगी नाही. मग त्यांनी फोटो मागून घेतला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्या पँटला मागून लागलेल्या मातीकडे.

"तुम्ही इथे बसला होतात का हो?"

"बसलो होतो थोडा वेळ."

"थोडा म्हणजे?"

"अर्धा तास."

साहेब हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'वारुळं नऊ,' आणि गाडीकडे निघाले. निदान चहा तरी विचारावा म्हणून मी पिशवीत हात घालून दुसरा कप शोधला. तो सापडेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती.

फार वाईट वाटलं हो मला. तो कोरा कप हातात धरून मी होतो तिथून चार पावलं मागे सरकलो आणि मटकन खाली बसलो. बसताना मागे झेंडा आहे का, हे बघायचं राहिलं. ते नववं वारूळ होतं.

चावल्या हो, खूप चावल्या. पण एक कबूल करतो, आठ महिन्यांत माझ्याकडे इतक्या लगबगीनं कुणी आलं नव्हतं!