शत्रूसाठी देव पाण्यात

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या सॅलडच्या भांड्यात, एक पितळी गणपती पाण्यात बुडून बसलेला असायचा. पाहुणे आले की आधी तिकडे बघायचे, मग माझ्याकडे. "सासूबाईंचा आहे," मी सांगायचो. मराठी पाहुणा लगेच गंभीर व्हायचा. देव पाण्यात ठेवलेत म्हणजे घरात कुणाचं तरी ऑपरेशन असणार, नाहीतर व्हिसा अडकला असणार. मग मला खरं कारण सांगावं लागायचं. नदीपलीकडच्या गावाचा फुटबॉल संघ हरावा, म्हणून आमच्या सासूबाईंनी ऑगस्टपासून देव पाण्यात घातले होते.

आम्ही राहतो जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या जवळ, माइन नदीकाठच्या एका लहानशा गावात. मी सॉफ्टवेअरवाला. खेळ म्हणजे क्रिकेट, तोही सोफ्यावर पडून बघायचा, एवढीच माझी झेप. सासरे गेल्यावर माझ्या बायकोनं, मेघानं, आईला कोल्हापूरहून इकडे आणलं. त्यासाठी जे कागद रंगवले त्यांचं पुराण वेगळं आहे, ते इथे नको. पहिले दोन महिने सासूबाई बाल्कनीत बसून समोरच्या रिकाम्या हिरव्या मैदानाकडे बघत असायच्या. आम्हाला वाटलं, करमत नाहीये. मग एका रविवारी त्या मैदानावर बावीस जण उतरले आणि सासूबाई चहाचा कप कठड्यावर तसाच ठेवून, चपला सरकवून जिना उतरल्या. त्यानंतर त्यांना न करमण्याचा प्रश्न आला नाही.

कोल्हापूरला फुटबॉल हा खेळ नाही, भाऊबंदकी आहे. पेठेपेठेचे संघ आणि पेठेपेठेचं वैर. सासूबाईंचे दोन्ही भाऊ पेठेकडून खेळायचे. मुलींनी मात्र मैदानावर पाऊल टाकायचं नाही, असा वडिलांचा दंडक होता. मग ही पोरगी पापड राखायच्या निमित्तानं गच्चीवर बसायची आणि लांबून येणारा ओरडा ऐकून गोल कुणी केला ते आईला सांगायची. मैदान त्यांना मिळालं ते साठी उलटल्यावर, जर्मनीत. त्यामुळे त्या तिथे काय करत असतील याची कल्पना करा.

त्यांचं सगळं जर्मन मैदानावरच तयार झालं. सुपरमार्केटात कुणी रांगेत घुसलं की त्या "फाउल!" म्हणून ओरडतात. बसमध्ये तिकीट तपासायला आलेल्या माणसाला त्या 'शीरी' म्हणतात, म्हणजे रेफरी. डॉक्टरनं गुडघा कुठे दुखतो विचारलं, तर "लिंक्सआउसन" म्हणाल्या, म्हणजे डावी विंग. डॉक्टरही फुटबॉलवाला निघाला, त्याला बरोबर समजलं. आमच्या गावच्या संघातली पोरं त्यांना 'ओमा' म्हणतात, आजी. मैदानावर मिळणारा ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजलेला सॉसेज, त्यांना अळणी लागतो, म्हणून पर्समध्ये कांदा-लसूण मसाल्याची डबी असते. आणि आमच्या संघानं गोल केला, की कठड्यावर थाप मारून त्या अस्सल कोल्हापुरीत सगळ्या मैदानाला बजावतात, "नाद करायचा नाही!"

आता शत्रूची ओळख करून देतो. केस्लरबाई. नदीपलीकडच्या गावच्या, सासूबाईंच्याच वयाच्या, हाडापेरानं भक्कम. त्यांच्या गावची मॅच दुपारी लवकर उरकायची. मग त्या बसनं पूल ओलांडून आमच्या मैदानावर यायच्या, ते केवळ आमच्या संघाला नावं ठेवायला. सासूबाई आणि त्या कठड्याला टेकून शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि भांडायच्या. एक मराठीतून, एक जर्मनमधून. मधे मी, दुभाषी.

"सांगा त्यांना, तुमचा गोलकीपर म्हणजे दाराला कडी नसलेलं घर!"

मी सांगायचो, "आई म्हणतात, तुमच्या बचावात थोडी सुधारणा हवी."

केस्लरबाई माझ्याकडे संशयानं बघायच्या. म्हातारीनं एवढं मोठं तोंड उघडलं आणि एवढंच बाहेर पडलं? मग उत्तरादाखल त्या असं काही बोलायच्या, की मी तेही गाळून घ्यायचो. पुढे पुढे माझी गरजच उरली नाही. दोघी हातवारे करून थेट भांडायला लागल्या. एकदा केस्लरबाईंनी हट्टानं तो मसाला वुर्स्टवर घेतला आणि आख्खा हाफटाइम खोकत काढला. पुढच्या रविवारी त्यांनी एक रिकामी बाटली आणली आणि गुपचूप सासूबाईंसमोर धरली. सासूबाईंनी ती भरून दिली, पण शत्रूच्या गावी मात्र त्या कधी गेल्या नाहीत. "त्या गावचं पाणी पिणार नाही मी," म्हणायच्या.

तर त्या गावच्या संघानं मागच्या वर्षी आम्हाला दोन्ही वेळा हरवलं, आणि म्हणून गणपती पाण्यात गेला. देवानं फारच मनावर घेतलं. सप्टेंबरात त्यांच्या गोलकीपरचा गुडघा गेला. पुढे खेळणाऱ्या दोघांना ड्युसेलडॉर्फला नोकऱ्या लागल्या. कोच कुणाशी तरी भांडून घरी बसला. दर आठवड्याला ते हरत होते, आणि सासूबाई कोल्हापूरला भावाला फोन लावून विजयवार्ता देत होत्या. "बाप्पा कामाला लागलाय बघ. लई बुडवतोय!"

इकडे जर्मन पाण्यानं बाप्पाची सोंड पांढरी व्हायला लागली होती.

"आई, देवाला काल्क चढलंय," मेघा म्हणाली. इथलं पाणी इतकं जड, की किटलीच्या तळाशी चुन्याचा थर बसतो, त्यालाच इथे काल्क म्हणतात. "काढ आता बाहेर त्याला."

"काम झालं की काढतो," सासूबाई म्हणाल्या. कोल्हापूरच्या असल्यामुळे त्या येतो-जातो-करतो असंच बोलतात.

एप्रिलमधल्या एका रविवारी केस्लरबाई आल्या त्या गप्पच. सासूबाईंनी नेहमीची सलामी दिली, "काय ओ, किती खाल्ले आज?" केस्लरबाईंनी चार बोटं दाखवली. पण उलट काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "विचारा की, काय झालंय?"

मैदानाकडे बघतच केस्लरबाईंनी सांगितलं. त्यांचा संघ तळाला होता, आता खालच्या लीगमध्ये घसरणार हे जवळपास नक्की. घसरला तर क्लब पुढच्या वर्षी संघच उतरवणार नाही. गावात पोरंच उरली नाहीत. "म्हणजे माझं धुणं संपलं," त्या म्हणाल्या. त्यांचा नवरा त्या संघाचा गोलकीपर होता. तेव्हापासून सगळ्या संघाच्या जर्सी त्या घरी धुवत आल्या. रविवारी इथे मशीन लावलेलं शेजाऱ्यांना चालत नाही, म्हणून धुणं सोमवारी. नवरा गेला तरी धुणं चालूच राहिलं. हॅम्बुर्गची मुलगी कधीपासून मागे लागली होती, आई, घर विक, माझ्याकडे ये. त्यावर यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "सोमवारी धुणं असतं, कशी येऊ?"

"आता तिला काय सांगायचं?" असं म्हणून केस्लरबाई हसल्या. ते हसणं मला बघवलं नाही.

मी सगळं सांगितलं, या वेळी काही न गाळता. सासूबाईंनी एकच विचारलं, "हॅम्बुर्ग किती लांब?"

"कोल्हापूर-मुंबईपेक्षा लांब."

त्या दिवशी आमच्या संघानं दोन गोल केले. सासूबाईंनी कठड्यावर हात ठेवला होता, पण थाप काही मारली नाही.

घरी आल्यावर त्यांनी गणपती पाण्यातून काढला. व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशनं घासत बसल्या. मी चहा ठेवत होतो.

"जावईबापू, मी हरव म्हटलं होतं हो. बुडव कुठं म्हटलं होतं?"

"आई, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पोरं गाव सोडून गेली, त्याला गणपती काय करणार?"

"तुम्हाला काय ठाऊक? मी रोज सांगत होतो त्याला. रोज!" ब्रश थांबला. "तुम्ही दोघं सकाळी जाता. नात माझं सगळं ऐकती आणि जर्मनमधनं उत्तर देती. इथली माणसं चांगली आहेत, भेटली की हसत्यात, हालो म्हणत्यात आणि जात्यात. आख्ख्या मुलखात माझ्याशी भांडतंय कोण? ती एकटी."

मी चहात साखर जास्त घातली.

त्यांनी देवाला पुसलं, कुंकू लावलं, कान धरून माफी मागितली आणि पुन्हा पाण्यात ठेवलं. आता नवस उलटा. नदीपलीकडचा संघ तरला पाहिजे. आमच्या धंद्यात याला रोलबॅक म्हणतात, आणि तो दरवेळी होतोच असं नाही. पण देवानं प्रयत्न केला. मे महिन्यात ते दोन मॅच जिंकले. शेवटची मॅच आमच्याशी होती, आमच्या मैदानावर. आमचा संघ मधल्या जागेवर सुखात होता. त्यांना मात्र जिंकणं भाग होतं.

त्या दिवशी सासूबाई पाहुण्यांच्या बाजूला, केस्लरबाईंना चिकटून उभ्या राहिल्या आणि शत्रूच्या नावानं ओरडायला लागल्या. आमची पोरं चक्रावली. आमचा स्ट्रायकर योनास खेळ सोडून कठड्यापाशी आला. "ओमा?" त्यानं हात पसरून विचारलं.

"जा, खेळ तू!" ओमांनी मराठीत फर्मावलं.

शेवटच्या काही मिनिटांपर्यंत एक-एक होतं. त्यांचे सगळेच पुढे धावले होते. तेवढ्यात चेंडू सुटला आणि योनास एकटाच निघाला. "आबझाइट्स! शीरी, आबझाइट्स!" दोन म्हाताऱ्या एका सुरात ऑफसाइडसाठी किंचाळल्या. रेफरीनं काही मनावर घेतलं नाही. योनासनं गोलकीपरला चकवलं आणि चेंडू जाळीत टाकला.

आणि सासूबाईंनी उडी मारली. सवयीनंच. दोन्ही हात वर करून, कठड्यावर थाप हाणून, "नाद करायचा ना..." इथपर्यंत तोंडातून गेलं, आणि मग त्यांना कळलं. हात वरच राहिले. तसा चेहरा मी सासरे गेले त्या दिवशीही पाहिला नव्हता.

केस्लरबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "शोनेस टोअर," त्या म्हणाल्या. मी भाषांतर करणार होतो, छान गोल होता म्हणून, पण सासूबाईंना ते कळलं होतं. मैदानावरचं सगळंच त्यांना कळतं.

मॅच संपली. पलीकडची पोरं गवतावर बसून राहिली. केस्लरबाईंनी चिखलानं माखलेल्या जर्सी मोजून टोपलीत भरल्या, आणि टोपलीची एक कडी उचलली. दुसरी सासूबाईंनी उचलली. दोघी बस स्टॉपकडे निघाल्या. मी गाडीनं सोडतो म्हणालो, तर मागे वळून न बघताच सासूबाईंनी नको असा हात हलवला. त्या दिवशी त्या पहिल्यांदा शत्रूच्या गावी गेल्या. पाणीच काय, कॉफी पिऊन आणि केक खाऊन आल्या.

तेव्हापासून दर सोमवारी त्या पलीकडे जातात. जाताना दोन मोठ्या पिशव्या भरून नेतात आणि संध्याकाळी घड्या घातलेले कपडे परत आणतात. हॅम्बुर्गची मुलगी सप्टेंबरात केस्लरबाईंना न्यायला गाडी घेऊन येणार आहे. दोघींना ते माहीत आहे, आणि दोघी त्याबद्दल बोलत नाहीत. बोलतात ते अजूनही जुन्या मॅचेसबद्दल, आणि भांडतात.

काल सकाळी मेघानं टॉवेल घ्यायला कपाट उघडलं, तर आतला कप्पा रिकामा. सगळे टॉवेल दारातल्या पिशवीत.

"आई, हे धुतलेले आहेत. गेल्याच सोमवारी आणलेस ना?"

"असू देत की," सासूबाई चपला घालत म्हणाल्या. "त्या बाईला धुणं नको का?"

मेघा आत जाऊन पलंगावरची चादर काढून घेऊन आली आणि पिशवीत घातली.