गायकवाडकाकांचा व्हॉल्व्ह

सकाळी सातच्या सुमारास आमच्या दाराची बेल वाजली, तरी आम्ही कुणी उठत नाही. बाहेर कुणी नसतंच. शेजारचे गायकवाडकाका अँप्लिफायर लावत असतात आणि त्यांच्या वायरलेसचा जोर भिंत ओलांडून आमच्या बेलमध्ये शिरतो. कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दूधवाला दारावर थाप मारतो, तो यांच्यामुळेच.

काका हॅम आहेत. म्हणजे हौसेखातर सरकारी परवाना काढून वायरलेसवर गप्पा मारणारे. मोबाईलवर फुकट बोलता येतं, हे सांगून बघितलं. "त्यात कष्ट काय?" म्हणाले.

त्यांचा अँप्लिफायर घरी बनवलेला, आत जुन्या रेडिओत असायचा तसा काचेचा व्हॉल्व्ह, तोच आवाज दूरवर पोहोचवतो. आधी तो तापू द्यायचा. मग एक बटण फिरवून मीटरचा काटा खाली पाडायचा, दुसरं फिरवून जोर चढवायचा, पुन्हा पहिलं. सगळं झटपट, नाहीतर व्हॉल्व्ह लाल होऊन राम म्हणतो. "आधी दरी, मग डोंगर," काका म्हणतात. हा मंत्र त्यांना कुठेही चालतो. माझी नोकरी गेली तेव्हाही हेच ऐकवलं आणि वर चहा पाजला. मला असा राग आलेला!

व्हॉल्व्हबद्दल मात्र कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा त्याला खटारा म्हणाले. तेव्हापासून जिन्यात ते दिसले की काका भिंतीचा रंग तपासतात.

एवढा खटाटोप कुणासाठी? तर वसईच्या आंतोनसाठी. आंतोन केळीबागवाला, तोही हॅम. दोघं तरुणपणापासून रोज सकाळी बोलतात. प्रत्यक्ष भेटले एकदाच. समोरासमोर बसल्यावर दोघांनाही काही सुचेना, तेव्हा आंतोनच्या बायकोने वाढलेले मासे खाऊन काका परत आले. काकी गेल्यापासून तर काकांचं दिवसभरातलं बोलणं म्हणजे हे एवढंच. ते हुकलं की दाढीही करत नाहीत.

परवा बेलची तक्रार घेऊन मी त्यांच्याकडे गेलेले. काका माईकवर ओरडत होते, मीटरचा काटा जोरात उसळत होता. सेटमधून आंतोन म्हणाला, "गायकवाड, तुझा आवाज लय बारीक! काय समजत नाय!"

मध्येच कोल्हापूरचा एक हॅम सेटवर बोलला, "काका, हिकडं खणखणीत येतंय की तुमचं!"

मी म्हटलं, "काका, व्हॉल्व्ह तर ठणठणीत आहे. मग त्यांना का—"

काकांनी हातानेच मला गप्प केलं. माईकचं बटण दाबून एकेक शब्द तोडत म्हणाले, "आंतोन, चूक माझी. व्हॉल्व्ह म्हातारा झालाय. थांब, परत लावतो."

मी मीटरच्या काट्याकडे बोट दाखवलं.

"त्याच्या सुनेचा फोन आलेला," काका हळूच म्हणाले. "कान गेलेत त्याचे. मशीन लावत नाही. सगळ्यांचे सेट बिघडलेत असं म्हणतो."

"मग सांगा ना त्यांना!"

"अगं, सांगितलं तर लाजेल. उद्यापासून सेटच लावणार नाही. मग सकाळी उठून मी हाक कुणाला मारू?"

जागच्या जागी असलेली बटणं काकांनी थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवली आणि होती तिथेच आणून ठेवली. "आंतोन, आता?"

सेट खरखरला. मग आंतोनचा आवाज आला, एकदम मऊ. "तू बोलत राहा रे, गायकवाड. समजलं नाय तरी चालेल."

काकांनी माईकचं बटण दाबलं. मग जिन्यातला दिवा परत गेलाय, इथपासून त्यांनी सुरुवात केली.