सुरुवातीपासून लाव

मुकुटबनमध्ये कुठंही गाणं वाजू लागलं की सुधाकरभाऊ हात वर करून म्हणायचे, "थांब! सुरुवातीपासून लाव." लग्नाची वरात असो, चहाची टपरी असो, नाहीतर कोणाचा ट्रॅक्टर. लावणारा बिचारा गाणं पहिल्यापासून लावायचा. भाऊ कान देऊन सुरुवात तेवढी ऐकायचे, मान हलवायचे आणि चालू लागायचे. पुढच्या गाण्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. एकदा तर त्यांनी यापायी नवरदेवाला घोड्यावर ताटकळत ठेवलं होतं.

भाऊंचं मोबाईलचं दुकान माझ्या कापडाच्या दुकानाला लागून आहे. आता गाणी ज्याच्या त्याच्या फोनवर आपोआप वाजतात, त्यामुळं भाऊ फोनच्या काचा बदलतात. पाटी मात्र अजून तीच: 'येथे गाणे भरून मिळतील'. एके काळी बाजाराच्या दिवशी त्या पाटीखाली ही गर्दी! लोक मेमरी कार्ड भाऊंच्या हाती देऊन भाजी घ्यायला जायचे आणि परतताना गाणी घेऊन जायचे. ही गाणी भाऊ पांढरकवड्याच्या नेट कॅफेत बसून उतरवून आणत. एकेका गाण्याला अर्धी दुपार जायची, आणि गाणं संपत आलं की नेमकी लाइट जायची. तरी भाऊ खुर्ची सोडत नसत.

त्यामुळं ती गाणी आपल्याच मालकीची, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मी एकदा कॉपीराइटचं नाव काढलं, तर माझ्यावरच उखडले. "गायले त्यायनं, कबूल. पण मुकुटबनले कोणं आणले? म्या का त्यायनं?"

या मालकीचा शिक्का म्हणून प्रत्येक गाण्याआधी त्यांच्या बायकोचा, नंदावहिनींचा, आवाज जोडलेला असे. "नंदा मोबाईल, मुकुटबन. गाणं ऐका, पण चोरू नका!" वहिनींनी हे स्वयंपाकघरात उभ्याउभ्या म्हटलं होतं, त्यामुळं पाठोपाठ कुकरची शिट्टी. भजन असो की लावणी, आधी वहिनी, मग कुकर, मग गाणं.

पुढं समोरच्या बबननं दुकान टाकलं. त्यानं भाऊंची सगळी गाणी उचलली आणि आपल्या नावाची आरोळी त्यांना चिकटवली. भाऊ तडक पोलीस ठाण्यात. हवालदारांनी विचारलं, "हे गाणे तुमी गायले काय?"

"नाही."

"बाजा वाजवला?"

"नाही जी. पण चोरले त्या बबन्यानं!"

"मंग तुमी कुठून आणले?"

भाऊ तिथलं पाणी पिऊन परत आले. तेव्हापासून बबनशी बोलणं बंद.

मग वहिनी काविळीनं गेल्या. पाठोपाठ दुकानातल्या कॉम्प्युटरनं मान टाकली आणि सगळी गाणी पुसली गेली. भाऊ गाण्यांसाठी हळहळले नाहीत. मला म्हणाले, "फोटो लय हायेत तिचे. आवाज तेवढाच होता." लोकांची जुनी कार्डं केव्हाच हरवलेली. म्हणून तो वर केलेला हात, म्हणून ते 'सुरुवातीपासून लाव'. गावात कुठंतरी ती अजून बोलत असेल, एवढीच आशा. मला गलबलून यायचं, आणि रागही यायचा. कारण एकच माणूस विचारायचा राहिला होता, आणि तो समोरच बसला होता.

"त्याले कायले विचारू? चोर हाय तो!" भाऊंचं ठरलेलं उत्तर.

शेवटी मीच रस्ता ओलांडून गेले. बबन खाली बघत म्हणाला, "ताई, वहिनीचा आवाज कापाले मले जमलाच नाही. माहा आवाज नुसता समोर जोडून देल्लो." मग त्यानं खणातून एक जुनं कार्ड शोधून काढलं आणि स्वतःच भाऊंच्या टेबलावर आणून ठेवलं.

भाऊंनी ते लावलं. आधी बबन ओरडला, "बबन मोबाईल, एक नंबर!" मग वहिनी. मग कुकर.

गाणं सुरू व्हायच्या आत भाऊंनी थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं. बबन ओशाळून म्हणाला, "भाऊ, माहा आवाज कापून टाका."

"राहू दे," भाऊ म्हणाले. "बस. चहा सांगतो."

आणि त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. त्यापुढं गाणं कोणतं आहे, हे आम्हा तिघांना अजून माहीत नाही.